माहेरून आलेला वारसा

लग्न जुळवताना आपण काय काय विचारतो याची एकदा यादी करून बघावी. शिक्षण, नोकरी, पगार, घर स्वतःचं की भाड्याचं, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय का, घरात खाणंपिणं कसं. पत्रिका मानणाऱ्यांकडे छत्तीस गुण मोजले जातात, मंगळ बघितला जातो आणि ‘एक नाड’ निघाली की संततीच्या काळजीनं चांगलं चाललेलं स्थळ मोडतं. पत्रिका न मानणारे रक्तगट विचारतात. पण ‘तुमच्याकडे लहान वयात रक्तदाब कुणाकुणाला झाला? डायलिसिसवर कुणी होतं का? तुमच्या आजी कशानं गेल्या?’ असं कुणी विचारलेलं मी तरी अजून ऐकलेलं नाही. आणि समजा कुणी विचारलंच, तर खरं उत्तर मिळेल याची खात्री कोण देणार?

हा विषय काढायचं कारण असं, की माझ्या आईच्या माहेरी एक आजार आहे. आजीला होता, आईला होता, मामाला आहे आणि मला आहे. ‘पॉलिसिस्टिक किडनी डिसीज’ असं त्याचं नाव. पहिला शब्द ऐकताच बायका म्हणतात, ‘अगं, ते तर हल्ली सगळ्याच मुलींना असतं, वजन कमी कर, होईल बरं.’ तो पीसीओडी. त्यात बीजकोशाचा आणि पाळीचा प्रश्न असतो. आमच्या आजारात दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याने भरलेल्या लहानमोठ्या गाठी तयार होतात आणि वर्षानुवर्षं वाढत राहतात. या गाठी कॅन्सरच्या नसतात. पण त्या चांगल्या भागाला दाबत जातात. मुठीएवढं मूत्रपिंड वाढत वाढत नारळाएवढं होतं आणि काम मात्र कमी कमी करत जातं. साधारण हजारात एका माणसाला हा आजार असतो असं धरलं जातं. म्हणजे तुमच्या सोसायटीत, शाळेत, बँकेच्या रांगेत अशी माणसं आहेत. त्यातल्या कित्येकांना अजून पत्ताही नाही, कारण पहिली वीस-तीस वर्षं हा आजार फारसा बोलतच नाही.

आता गणित. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी, फरक नाही. ‘दोन मुलं आहेत, म्हणजे एकाला होणार आणि एक सुटणार’ असा हिशोब लोक करतात, तो चूक आहे. प्रत्येक गर्भाच्या वेळी नाणं नव्यानं उडवलं जातं. दोघंही सुटू शकतात, दोघांनाही मिळू शकतो. आणखी एक गैरसमज म्हणजे ‘हा एक पिढी सोडून येतो’. येत नाही. ज्याला तो जनुक मिळालाच नाही, त्याच्या मुलांना त्याच्याकडून तो जाऊच शकत नाही. दहातल्या एखाद्या रुग्णाच्या घरात मात्र आधी कुणालाच आजार नसतो, त्याच्यापासूनच तो सुरू होतो.

यामागे मुख्यतः दोन जनुकं आहेत. पीकेडी-१ हा १९९४ साली सापडला आणि पीकेडी-२ हा १९९६ साली. पहिल्यातला बिघाड जास्त लोकांत आढळतो आणि जास्त कडक असतो. त्यात बऱ्याच जणांची मूत्रपिंडं पन्नाशी-साठीत निकामी होतात. दुसऱ्या प्रकारात माणूस सत्तरी सहज गाठतो. काहींना तर डायलिसिसची वेळच येत नाही. म्हणजे ‘आजार आहे’ या दोन शब्दांत सगळं भविष्य मावत नाही.

आमच्या घरी हे कसं कळलं ते सांगते, कारण बहुतेक घरांत ते असंच कळतं. आजी १९७४ साली गेली, पन्नाशीही झाली नव्हती. ‘अंगावर सूज आली, लघवी बंद झाली’ एवढंच सगळे सांगायचे. आईला बत्तिसाव्या वर्षी रक्तदाबाची गोळी सुरू झाली. ‘फार विचार करतेस म्हणून’ असं त्यावर घरच्यांचं निदान! १९९६ साली कमरेत सारखं दुखतं म्हणून सोनोग्राफी झाली आणि आजाराला नाव मिळालं. आम्हा तिघा भावंडांना मात्र ‘आईला मूतखडा आहे’ असं सांगण्यात आलं. मी वीस वर्षांची होते, दोन-तीन वर्षांत माझ्यासाठी स्थळं बघायची होती, पाठीवर धाकटी बहीण होती. कुणी वाईट हेतूनं लपवलं नाही. ‘पोरींची लग्नं होऊन जाऊ देत’ ही आपल्या घरांतली सगळ्यात मोठी सबब असते आणि तिच्यापुढे डॉक्टरांचाही इलाज चालत नाही.

माझं लग्न २००१ साली झालं. २००३ साली, तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीत, बाळ बघता बघता डॉक्टरांनी प्रोब वर सरकवला आणि विचारलं, ‘आईला किडनीचं काही आहे का?’ बाळ छान होतं. आईचं बाळपण तेवढं त्या क्षणाला संपलं. अनेक बायकांना हा आजार पहिल्यांदा गरोदरपणातच कळतो, कारण तोपर्यंत पोटाची सोनोग्राफी करायची वेळच आलेली नसते.

पुढचे काही महिने घरात एकच वाक्य फिरत होतं, ‘तुझ्या माहेरच्यांनी आम्हाला फसवलं.’ सासूबाईंच्या जागी बसून बघितलं तर त्यांचा राग मला कळतो. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण मलाही कुणी सांगितलं नव्हतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आजार माझ्या शरीरात, बाळ माझ्या पोटात आणि आरोपीच्या पिंजऱ्यातही मीच. नवरा त्या वेळी एवढंच म्हणाला, ‘आधी बीपी बघू, मग भांडू.’ ते वाक्य मला आजवर पुरलंय.

इथे मला एका गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे. आपल्याकडे अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. सासरच्या कुलवृत्तांतात बारा पिढ्यांची नावं आहेत, कोण कोकणातून कधी आलं, कुणी वाडा बांधला, सगळं आहे. लेकींच्या बाबतीत मात्र ‘अमक्या गावी दिली’ इथे ओळ संपते. तिची मुलं, तिची दुखणी, तिचं मरण दुसऱ्या घराण्याच्या खात्यात, आणि तिथेही ती सून म्हणून एका ओळीत. जनुकांना हा हिशोब मान्य नाही. ती लेकींबरोबर तेवढ्याच मुकाट्यानं सासरी जातात. माझ्या आजीची एक बहीण लग्न होऊन खानदेशात गेली, तिची मुलं कुठे आहेत, कशी आहेत, आम्हाला कुणालाच ठाऊक नाही. त्यांच्यापैकी कुणी आज एखाद्या गावात ‘टेन्शनमुळे बीपी’ची गोळी खात असेल. म्हणून मला वाटतं, की आनुवंशिक आजार असलेल्या घरात कुटुंबनियोजनाची पहिली पायरी पाळणा लांबवण्याच्या कितीतरी आधीची आहे. ती म्हणजे घरातल्यांनी घरातल्यांना सांगणं, आणि ते अशा वयात सांगणं की त्या माहितीचा उपयोग होईल.

उपयोग काय, असं लोक विचारतात. ‘बरा तर होत नाही, मग कळून करायचं काय? उगीच जिवाला घोर.’ हा प्रश्न मला माझ्या भावानं विचारलाय. त्यानं अजून तपासणी केलेली नाही. न करण्याचा त्याला हक्क आहे, पण निदान दर वर्षी रक्तदाब मोजायला काय हरकत आहे? कारण या आजारात मूत्रपिंडाचं नुकसान लवकर करणारी आणि आपल्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रक्तदाब. तो वेळेत ताब्यात ठेवला तर पुढची वर्षं चांगली जाऊ शकतात. मीठ कमी, म्हणजे लोणचं, पापड, फरसाण आणि ताटातलं वरचं मीठ बंद. पाणी भरपूर, पण मूत्रपिंडाचं काम फार उतरलं की डॉक्टर सांगतील तेवढंच. पाळीच्या दुखण्यावर आपण सर्रास घेतो ती मेफेनॅमिक ॲसिडची गोळी, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ही वेदनाशामकं आमच्यासारख्यांनी मनानं घ्यायची नाहीत. ‘किडनी साफ करणारी’ चूर्णं आणि भस्मं तर नकोच. टोल्वॅप्टन नावाचं औषध ज्यांचा आजार झपाट्यानं वाढतोय अशा काही रुग्णांना देतात. जपानमध्ये २०१४ साली आणि अमेरिकेत २०१८ साली त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. ते आजार घालवत नाही, पण त्याचा वेग कमी करतं. तहान आणि लघवी मात्र प्रचंड वाढते, यकृतावर परिणाम होत नाही ना हे रक्त तपासून बघत राहावं लागतं, आणि गरोदरपणात ते चालत नाही.

आणखी एक सांगून ठेवते. या आजाराच्या दहातल्या साधारण एका माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा असू शकतो. इतर लोकांत हे प्रमाण शंभरात दोन-तीन असतं. घरात कुणाला मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. कधी नव्हे असं अचानक, जबरदस्त डोकं दुखलं तर बाम लावत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

आता मूल होण्याचा प्रश्न. पहिली गोष्ट म्हणजे या आजारामुळे सहसा मूल होण्याची क्षमता जात नाही. मूत्रपिंडाचं काम चांगलं असेल आणि रक्तदाब ताब्यात असेल, तर बहुतेकींचं बाळंतपण नीट पार पडतं. रक्तदाब वाढण्याचा आणि प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका मात्र इतर बायकांपेक्षा जास्त असतो. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मूत्रपिंडाचे डॉक्टर या दोघांनी एकमेकांशी बोललं पाहिजे, आणि तेही दिवस राहण्याआधी. कारण या आजारात रक्तदाबासाठी ज्या गोळ्या नेहमी देतात, ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असतं, उदाहरणार्थ रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, त्या गर्भाला घातक असतात. त्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. मूल हवं असं ठरलं की डॉक्टरांकडून चालणारी दुसरी गोळी आधी सुरू करून घ्यायची. हे वाक्य वाचून एखादी जरी आपल्या गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचायला उठली, तरी हा लेख कामी आला असं मी म्हणेन.

मूल नको असेल तेव्हाही विचार लागतो. रक्तदाब असलेल्या बाईला इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी बहुधा चालत नाही. या आजारात यकृतातही पाण्याच्या गाठी होतात. त्या बायकांत जास्त वाढतात, आणि इस्ट्रोजेननं तो त्रास वाढू शकतो. मग तांबी, निरोध, नवऱ्याची नसबंदी, असे पर्याय उरतात. शेवटच्या पर्यायाचं नाव काढलं की घरात कशी शांतता पसरते ते मी वेगळं सांगायला नको. पाळी जाताना हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या गेल्या, तरी यकृताचा विषय आधी काढावा.

आणि ज्यांना पुढच्या पिढीला हा आजार द्यायचाच नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी आज वाट आहे. रक्ताची जनुकीय तपासणी करून आधी घरातल्या रुग्णाच्या जनुकात नेमका कुठे बिघाड आहे ते शोधतात. ते सापडलं तर टेस्ट ट्यूब पद्धतीनं तयार झालेल्या गर्भाच्या काही पेशी पाचव्या-सहाव्या दिवशी काढून तपासता येतात आणि आजार नसलेला गर्भ गर्भाशयात सोडता येतो. आपल्याकडच्या सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ सालच्या कायद्यात अशी तपासणी ठाऊक असलेल्या आनुवंशिक आजारासाठीच करता येईल असं म्हटलंय. ‘गर्भाची कसलीही तपासणी म्हणजे गुन्हा’ असं समजून काही जोडपी विचारायलाही घाबरतात. गुन्हा आहे तो गर्भाचं लिंग शोधणं आणि सांगणं. त्याविरुद्ध महाराष्ट्रानं १९८८ सालीच, देशात सगळ्यात आधी, कायदा केला आणि १९९४ साली तो देशभर झाला. आनुवंशिक आजाराची तपासणी नोंदणी असलेल्या केंद्रात, कायद्याच्या अटी पाळून होते. पण ही वाट सोपी नाही. खर्च काही लाखांच्या घरात जातो, इंजेक्शनं बाईच्याच अंगात टोचली जातात, आजार नवऱ्याकडून आलेला असला तरी! आणि एका फेरीत यश येईलच असंही नाही. ज्यांना दत्तक घ्यायचंय त्यांनी एक ध्यानात ठेवावं, दत्तक घेताना आईवडलांच्या प्रकृतीचा दाखला लागतो आणि जिवाला धोका असलेला आजार नसावा अशी अट आहे. तेव्हा तो विचार तब्येत ठीक असतानाच करावा, ‘बघू पुढे’ म्हणत डायलिसिसपर्यंत नेऊ नये.

आम्ही एका मुलीवर थांबलो. २००६ साली दुसऱ्याचा विषय निघाला. घरात ‘एक मुलगा हवा’ असा सूर होता आणि मुलाला कदाचित होणार नाही, अशीही एक वेडी आशा होती. आम्ही दोघांनी बसून विचार केला आणि नको म्हणालो. हेच योग्य, असं मी कुणाला सांगणार नाही. माझ्याच वयाची, हाच आजार असलेली एक मैत्रीण दोन मुलांची आई आहे आणि तिचा निर्णय माझ्याइतकाच विचारपूर्वक घेतलेला आहे.

पण या साऱ्यातला सगळ्यात अवघड प्रश्न तपासण्यांचा नाहीच. तो मला आईनं विचारला. आम्ही दुसरं मूल होऊ देणार नाही हे कळल्यावर ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘मला तेव्हा कळलं असतं, तर तुम्ही तिघं झालाच नसता का गं?’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती, भीती होती. आपण आजार टाळायचा म्हणतो तेव्हा ज्यांना तो आहे त्यांना आपण नकोसे आहोत असं ऐकू येतं. मी तिला सांगितलं, की माझं आयुष्य मला हवंय. नोकरी केली, कास पठाराची फुलं पाहिली, मुलगी वाढवली, भांडले, हसले, या गाठींसकट. तरीही माझ्या लेकीला त्या नसाव्यात असं मला वाटतं. ज्या आईला चष्मा आहे तिलाही मुलाला चष्मा लागू नये असंच वाटतं ना? यात स्वतःचा तिरस्कार नसतो. ही दोन्ही वाक्यं एका वेळी खरी असू शकतात. जोडप्यांना सल्ला देणाऱ्यांनी, मग ते डॉक्टर असोत की आत्याबाई, यातलं एकच वाक्य त्यांच्यावर लादू नये.

आईला २००५ साली डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, सात वर्षं. मामाची वेळ २००८ साली आली, तेव्हा मामीनं त्याला किडनी दिली. मामी थोर आहे, यात वादच नाही. पण मामासाठी घरात पंधरा दिवसांत बैठक झाली, पैसे जमले, मामीच्या तपासण्या झाल्या. आईसाठी अशी बैठक कधी बसली नाही. बाबांना मधुमेह, त्यामुळे ते देऊ शकत नव्हते. ‘मुलांना तोच आजार असला तर?’ हे खरंच होतं. पण नाव नोंदवून मेंदूमृत दात्याची वाट बघता आली असती, त्यासाठी विभागीय केंद्रं आहेत, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि घरात कुणी विचारलंही नाही. ‘आता वय झालं तिचं’ असं म्हणण्यात आलं. ती पंचावन्न वर्षांची होती. ती २०१२ साली गेली.

हे आमच्याच घरचं रडगाणं असतं तर मी इथे मांडलं नसतं. अवयव प्रत्यारोपणाचं काम बघणाऱ्या ‘नोटो’ या राष्ट्रीय संस्थेची १९९५ ते २०२१ या काळातली आकडेवारी २०२३ साली बातम्यांत आली. एकूण ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९ हजारांहून अधिक पुरुषांना मिळाली, स्त्रियांना ६,९४५. आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत? पाचातल्या चार स्त्रिया. म्हणजे आजार तिच्या माहेरचा असला तर ‘तुमच्या घराण्याचा दोष’, आणि सासरचा असला तर ‘बायकोचं कर्तव्य’. आनुवंशिक आजार मुलामुलींत भेद करत नाही, तो भेद नंतर आपण करतो.

माझ्या धाकट्या बहिणीची गोष्ट या सगळ्यावर प्रकाश टाकते. आईचा आजार कळल्यावर ‘मलाही असणारच’ असं तिनं मनाशी धरलं. २००६ साली लग्न झालं, नवऱ्याला आधी सगळं सांगूनच केलं, पण मूल नको म्हणाली. तपासणीला जायची भीती वाटायची. सहा वर्षं अशी गेली. आई गेली त्या वर्षी तिनं आईला किडनी द्यायची म्हणून सोनोग्राफी आणि मग एमआरआय केला. दोन्ही मूत्रपिंडं स्वच्छ. आईनं तिची किडनी घ्यायला साफ नकार दिला, ‘तुला अजून लेकरू व्हायचंय’ म्हणाली. पुढच्या वर्षी बहिणीला मुलगा झाला. त्याच्या डोक्यावर या आजाराची टांगती तलवार नाही. ती सहा वर्षं आजारानं घेतली नाहीत, भीतीनं घेतली.

मग लग्नाआधी सांगायचं का? माझं उत्तर आहे, हो. पहिल्या कांदेपोह्यांना घोषणा करायची गरज नाही, पण दोघं एकमेकांचा गंभीरपणे विचार करू लागले की त्या दोघांनीच, एकमेकांना, सरळ शब्दांत सांगावं. ‘आमच्याकडे हा आजार आहे. मी तपासलंय किंवा नाही तपासलेलं.’ स्थळाच्या मागणीवरून रिपोर्ट आणून देण्याची सक्ती मात्र कुणी सोसू नये. मला ठाऊक आहे, सांगितलं की मुलीचं स्थळ मोडतं आणि मुलाचं तेवढं मोडत नाही. म्हणूनच मला वाटतं, ही प्रथा मुलाकडच्यांनी सुरू करावी. ज्या दिवशी वरपिता म्हणेल, ‘आमच्या घरात किडनीचा आजार आहे, मुलाची तपासणी त्यानं ठरवली की होईल,’ त्या दिवसापासून मुलीच्या आईला मूतखड्याची गोष्ट रचावी लागणार नाही.

आणि मुलांना कधी सांगायचं? लहान वयात, त्यांना झेपेल तेवढं. ‘आईच्या पोटात पाण्याच्या गाठी आहेत, म्हणून ती गोळी घेते’ हे सात वर्षांच्या मुलीला कळतं. तिला काही त्रास नसताना नुसत्या कुतूहलापोटी किंवा आपल्या जिवाची घालमेल थांबावी म्हणून तिची जनुकीय तपासणी करून घेऊ नये, तिचं भविष्य उघडण्याचा हक्क तिचा आहे. रक्तदाब मात्र शाळकरी वयापासून वर्षातून एकदा मोजावा, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. माझी लेक आज बावीस वर्षांची आहे. तपासायचं की नाही, कधी, हे तिनं अजून ठरवलेलं नाही. मी विचारत नाही. ती बीपी मोजते, जेवताना मीठ वरून घेत नाही, आणि घरातल्या सगळ्यांची माहिती तिला आहे. माझ्या आईला जे कळलं तेव्हा उशीर झाला होता आणि मला जे गरोदरपणी कळलं, ते तिला निर्णयाआधी ठाऊक आहे. तीन पिढ्यांत आमची एवढी प्रगती झालीय, आणि ती औषधानं झालेली नाही.

पैशांची चिंता खरी आहे. डायलिसिस आणि प्रत्यारोपण दोन्ही महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत येतात, जवळच्या सरकारी रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, त्यांना विचारावं. पण सगळ्यात स्वस्त तपासणी घरातच होते. या दिवाळीला माहेरी जाल तेव्हा एक वही बरोबर न्या. भाऊबीज झाली, फराळ झाला, की मावश्या, आत्या, मामा बसलेले असतील. त्यांना विचारा, कोण कशानं गेलं, कितव्या वर्षी, कुणाला तिशीत रक्तदाब होता, कुणाच्या अंगावर सूज होती, कुणाला डोक्यात रक्तस्राव झाला. ‘अमक्या गावी दिली’ इथे थांबू नका. त्या गावातल्या तिच्या मुलांचे फोन नंबरही लिहून घ्या.